कर्करोगाचे उपचार संपले, तरी झोप लागत नाही : कारणे, अनुभव आणि उपाय

मृद्गंध

नमस्कार. माझ्या स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन पूर्ण होऊन आता दोन वर्षे होत आली. टॅमॉक्सिफेन या संप्रेरकाचा परिणाम रोखणाऱ्या औषधाची गोळी रोज चालू आहे, ठरलेल्या वेळी तपासण्या होतात आणि आजवरचे सर्व अहवाल समाधानकारक आले आहेत. उपचारांच्या काळात गेलेली झोप मात्र अजून पूर्ववत झालेली नाही. अंथरुणावर पडल्यावर बराच वेळ डोळ्याला डोळा लागत नाही. लागला, तरी मध्यरात्रीनंतर मान आणि पाठ घामाने भिजून जाग येते आणि मग पहाटेपर्यंत कूस बदलत राहावे लागते. दुसऱ्या दिवशी वर्गात शिकवताना नेहमीचे शब्द आठवत नाहीत, आणि दुपारी घरी आल्यावर स्वयंपाकघरात उभे राहण्याचीही ताकद उरत नाही.

घरच्या मंडळींना वाटते की आजार बरा झाला, म्हणजे झोपही आपोआप यायला हवी. तपासणीच्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात एवढी गर्दी असते की गाठ, रक्ताचे अहवाल आणि गोळ्या यांवरच बोलणे संपते. झोपेसारखा विषय काढून डॉक्टरांचा वेळ घ्यावा का, असा संकोच मला वाटतो.

माझे प्रश्न असे आहेत : उपचारांनंतर इतका काळ झोप न लागणे इतरांच्याही अनुभवास आले आहे का? ते काळाबरोबर आपोआप जाते का? झोपेची गोळी रोज घेणे कितपत योग्य आहे? आणि नातेवाईक सुचवतात ते अश्वगंधा, जायफळ वगैरे उपाय माझ्या औषधांबरोबर चालतील का?

अंतर्नाद

मृद्गंधताई, मी चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ आहे आणि कर्करोगाच्या रुग्णांबरोबर काम करतो. आपला संकोच मी फार जणांकडून ऐकला आहे, म्हणून प्रथम त्याविषयीच लिहितो. झोप हा तपासणीच्या वेळी बोलण्याचाच विषय आहे. आपण ती तक्रार सांगितली नाही तर डॉक्टर सहसा विचारत नाहीत, आणि त्यांनी विचारले नाही म्हणून रुग्णाला वाटते की ही सोसण्याचीच गोष्ट असावी. या दोन मौनांमध्ये लोकांची वर्षे जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण या तक्रारीवर चांगले उपचार उपलब्ध आहेत.

सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत कर्करोगाच्या रुग्णांमध्ये निद्रानाश साधारण दुप्पट ते तिप्पट प्रमाणात आढळतो. कॅनडातील क्युबेक येथे जोझे सावार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६२ रुग्णांचा १८ महिने पाठपुरावा केला होता. त्याचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेच्या सुमारास ५९ टक्के जणांना निद्रानाशाची लक्षणे होती आणि १८ महिन्यांनंतर ती ३६ टक्के जणांमध्ये शिल्लक होती. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. काही जणांची झोप काळाबरोबर सुधारते, पण एक-तृतीयांशाहून अधिक जणांची सुधारत नाही, आणि दोन वर्षे झाल्यावर आणखी वाट पाहत बसणे योग्य नाही. आठवड्यातून किमान तीन रात्री आणि सलग तीन महिने झोप लागण्यात किंवा टिकण्यात अडचण येत असेल आणि दिवसाच्या कामावर तिचा परिणाम होत असेल, तर त्यास दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. आपले वर्णन या व्याख्येत बसते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ साली निद्रानाशाच्या कारणांचे तीन थर सांगितले, आणि कर्करोगातून बाहेर आलेल्या व्यक्तींना ते समजावून सांगताना मला त्यांचा फार उपयोग होतो. पहिला थर मुळातल्या प्रवृत्तीचा : कुणाची झोप जात्याच सावध असते, कुणाचा स्वभाव काळजी करणारा असतो. दुसरा थर झोप मोडणाऱ्या घटनेचा : निदानाचा धक्का, शस्त्रक्रियेची वेदना, केमोबरोबर दिले जाणारे डेक्सामेथासोनसारखे स्टिरॉइड, अकाली आलेली रजोनिवृत्ती. तिसरा थर सर्वांत महत्त्वाचा, कारण निद्रानाश टिकवून ठेवण्याचे काम तो करतो. रात्री झोप झाली नाही म्हणून सकाळी उशिरा उठणे, दुपारी दोन तास पडणे, रात्री नऊलाच अंथरुणात शिरणे, जागेपणी घड्याळ पाहत राहणे, ही सारी वागणूक आजारपणात अगदी स्वाभाविक असते. पण आजार गेला तरी ती राहते, आणि मूळ कारण संपल्यावरही झोप येत नाही.

आपल्याकडच्या घरांत मी एक गोष्ट वारंवार पाहतो. आजारपणात रुग्णासाठी बाहेरच्या खोलीत कॉट मांडली जाते. तिच्यावरच जेवण, तिच्यावरच पाहुण्यांशी बोलणे, तिच्यावरच टीव्ही, फोन, औषधे आणि रिपोर्टच्या फायली. उपचार संपतात, पण कॉट तेथेच राहते आणि माणूसही दिवसाचा बराच वेळ तिच्यावरच असतो. मग शरीराच्या लेखी ती जागा झोपेची उरत नाही. ज्या घरांत सकाळी अंथरूण गुंडाळून ठेवण्याची पद्धत आहे, तेथे हे आपोआप टळते, आणि ही जुनी पद्धत झोपेच्या शास्त्राशी पूर्णपणे जुळते. म्हणून माझी पहिली विनंती अशी की घरात अशी कॉट असेल तर दिवसा तिच्यावर बसणे आजपासूनच थांबवावे.

आपल्याला रात्री येणारा घाम हा मात्र सवयीचा भाग नाही. तो टॅमॉक्सिफेनमुळे किंवा रजोनिवृत्तीमुळे असू शकतो आणि त्यावर स्वतंत्र उपचार करता येतात. औषधांविषयी येथील जाणकारांनी लिहावे. सवयींच्या उपचाराविषयी मी सवडीने सविस्तर लिहितो.

कोकणकडा

माझा अनुभव वेगळ्या प्रकारचा आहे, पण तो येथे मांडणे आवश्यक वाटते, कारण आपल्या भागात तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग झालेले पुरुष फार आहेत आणि त्यांच्या झोपेविषयी फारसे कुणी लिहीत नाही.

माझ्या गालाच्या आतल्या भागाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर मानेला व जबड्याला शेक (रेडिएशन) दिला गेला. शेकामुळे लाळग्रंथी कमकुवत होतात. दिवसभर पाण्याची बाटली हाताशी असते म्हणून कोरड सोसता येते, परंतु रात्री जीभ टाळूला चिकटून जाग येते. मग पाणी प्यायचे, आणि पाणी प्यायल्यामुळे पुन्हा तासाभराने लघवीसाठी उठायचे, असे चक्र चालू राही. दंतविभागातील डॉक्टरांनी कृत्रिम लाळेचे जेल झोपण्यापूर्वी लावण्यास सांगितले, अल्कोहोल असलेला माउथवॉश बंद केला आणि पाणी घोटभरच घेऊन तोंडात फिरवण्याची सवय लावली. कोरड पूर्णपणे गेली नाही, मात्र उठणे बरेच कमी झाले.

दुसरी गोष्ट पत्नीच्या लक्षात आली. मी पूर्वी घोरत नसे. उपचारांनंतर मोठ्याने घोरू लागलो, आणि मध्येच काही क्षण श्वास थांबल्यासारखे तिला वाटे. दिवसा बसल्या जागी माझा डोळा लागे. हा थकवा शेकाचाच असेल असे आम्ही दोघेही धरून चाललो होतो. झोपेची तपासणी केल्यावर श्वसनमार्गातील अडथळ्यामुळे होणारा स्लीप अ‍ॅप्निया निघाला. डॉक्टरांनी समजावून सांगितले की मान आणि घसा यांवरील शस्त्रक्रियेने व शेकाने तेथील ऊती सुजलेल्या किंवा कडक राहतात, त्यामुळे झोपेत वाट अरुंद होऊ शकते. आता रात्री सीपॅप हे हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारे यंत्र लावतो. शस्त्रक्रियेमुळे चेहऱ्याचा आकार बदलला असल्याने योग्य मास्क मिळेपर्यंत थोडी दमछाक झाली, पण त्यानंतर सकाळी डोके जड वाटणे थांबले.

याच काळात थायरॉइडची रक्ततपासणीही करून घेतली, त्यात थायरॉइडचे काम कमी पडत असल्याचे निघाले. मानेला शेक घेतलेल्यांनी टीएसएच ही तपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी करावी असे मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. ज्यांच्या मानेला शेक झाला आहे त्या सर्वांना माझी कळकळीची विनंती आहे की थकवा आणि झोप या तक्रारी असतील, तर ही साधी तपासणी मागून घ्यावी.

बकुळ

मी औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर आहे आणि अनेक वर्षे औषधांच्या दुकानात काम करते. मृद्गंधताईंच्या औषधांविषयीच्या प्रश्नांना उत्तर देते, मात्र प्रत्यक्ष बदल आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावेत.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम या झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या आपल्या देशात एच-१ या अनुसूचीत आहेत. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या देता येत नाहीत आणि विक्रीची नोंद ठेवावी लागते. तरीही शेजाऱ्याची किंवा नातेवाइकाची गोळी अर्धी करून घेणारे लोक मी पाहते आणि मला त्यांची फार काळजी वाटते. थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली या गोळ्यांना स्थान आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या किंवा केमोच्या कठीण आठवड्यांत त्यांची मदतही होते. पण महिनोन्महिने रोज घेतल्यास शरीराला त्यांची सवय लागते, आणि वयस्कर व्यक्तींमध्ये रात्री तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. ज्यांची हाडे औषधांमुळे ठिसूळ झाली आहेत, त्यांच्यासाठी असे पडणे फार महागात पडते. स्लीप अ‍ॅप्निया असलेल्यांमध्ये यातील काही गोळ्या श्वास आणखी मंद करू शकतात, म्हणून कोकणकडा यांच्यासारख्या रुग्णांनी तर त्या स्वतःच्या मनाने कधीच घेऊ नयेत. आणि ज्यांनी त्या दीर्घकाळ घेतल्या आहेत त्यांनी एकदम बंदही करू नयेत. मात्रा हळूहळू उतरवावी लागते.

टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांनी एक बाब लक्षात ठेवावी. हे औषध यकृतातील एका विशिष्ट विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने एंडॉक्सिफेन या प्रभावी रूपात बदलते. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरील औषधे तेच विकर रोखतात, त्यामुळे ती सहसा टॅमॉक्सिफेनबरोबर टाळली जातात. ज्या डॉक्टरांनी आपल्या कर्करोगाचा उपचार केलेला नाही, ते मनाच्या किंवा झोपेच्या तक्रारीसाठी औषध लिहून देत असतील, तर त्यांना टॅमॉक्सिफेन चालू असल्याचे अवश्य सांगावे. रात्रीच्या घामासाठी व्हेनलाफॅक्सिन किंवा झोपण्यापूर्वी गॅबापेंटिन यांचा विचार डॉक्टर करू शकतात. गॅबापेंटिनने गुंगी येते, म्हणून ते रात्री देणे काही जणींना दुहेरी उपयोगाचे ठरते.

सर्दी आणि अ‍ॅलर्जीच्या ज्या जुन्या गोळ्यांनी सुस्ती येते, त्या झोपेसाठी घेणारे लोकही आहेत. त्या गोळ्यांनी तोंडाची कोरड वाढते आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुषांना लघवी तुंबण्याची भीती असते. केमोच्या काळात ज्यांना स्टिरॉइडच्या गोळ्या आहेत, त्यांनी त्या शक्यतो सकाळी नाश्त्यानंतर घेता येतील का, हे विचारून घ्यावे; संध्याकाळच्या मात्रेने रात्र जागरणात जाते.

अश्वगंधेविषयी मी स्पष्ट लिहिते. तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत आणि थायरॉइडच्या संप्रेरकांवरही तिचा परिणाम होऊ शकतो. त्यामुळे कर्करोगाची औषधे चालू असताना डॉक्टरांना न सांगता ती घेऊ नये. दुधात जायफळ चिमूटभर उगाळून घेणे हा आपल्या घरांतला जुना उपाय आहे आणि तेवढ्याने सहसा अपाय होत नाही. पण गुण येत नाही म्हणून प्रमाण वाढवत नेणे धोक्याचे आहे, कारण जायफळ मोठ्या मात्रेत विषारी ठरते.

सोनचाफा

माझ्या वडिलांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला होता. रेडिएशन पूर्ण झाले असून संप्रेरके कमी करणारे इंजेक्शन ठरावीक काळाने चालू आहे. पुरुषांनाही या इंजेक्शनामुळे अंगाची लाहीलाही होते आणि घाम फुटतो, हे आम्हाला प्रथम ऐकले तेव्हा नवल वाटले होते. बाबांना त्याचा संकोच वाटत असे आणि ते कुणाजवळ बोलत नसत. मृद्गंधताईंनी लिहिलेले मी त्यांना वाचून दाखवले; आपला त्रास जगावेगळा नाही हे कळल्यावर ते प्रथमच मोकळेपणाने बोलले.

त्यांचा मुख्य त्रास रात्री वारंवार लघवीसाठी उठण्याचा आहे. डॉक्टरांनी आधी लघवीचा संसर्ग आणि रक्तातील साखर तपासली. मग संध्याकाळचा चहा दुपारी चारच्या आत घेण्यास, झोपण्यापूर्वी दोन-तीन तास पाणी कमी पिण्यास आणि दिवसभर खुर्चीत बसल्याने पायांवर येणारी सूज उतरावी म्हणून संध्याकाळी पाय उंचावर ठेवून पडण्यास सांगितले. रक्तदाबाच्या गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारी एक गोळी रात्रीची होती, ती त्यांनी सकाळची करून दिली. एवढ्या बदलांनी बराच फरक पडला.

आता आमचा प्रश्न दिवसाच्या झोपेचा आहे. आजारपणात ते दुपारी झोपत तेव्हा आम्ही घरात आवाजसुद्धा करत नव्हतो. आता त्यांना दुपारी झोपू द्यावे की जागे ठेवावे, यावर आई आणि माझ्यात एकमत होत नाही. दमलेल्या माणसाला झोपेतून उठवणे आईच्या जिवावर येते.

अंतर्नाद

आईंची माया समजण्यासारखी आहे, आणि दुपारची झोप अजिबात बंद करावी असेही नाही. वामकुक्षी वीस ते तीस मिनिटांची असावी, दुपारी तीनच्या आत संपावी आणि गजर लावून घ्यावी, इतके पाळले तरी पुष्कळ होते. त्यापेक्षा लांब झोप रात्रीच्या झोपेतून वजा होते. बाबांना उठवण्याऐवजी त्या वेळी त्यांना हाताला धरून अंगणात किंवा सोसायटीच्या आवारात फेरी मारायला नेले, तर आईंनाही ते सोपे जाईल. कर्करोगानंतरच्या थकव्यावर विश्रांतीपेक्षा बेताच्या व्यायामाचा गुण अधिक येतो, ही गोष्ट अनेक अभ्यासांतून स्पष्ट झाली आहे. सकाळी अर्धा तास उजेडात बसणे किंवा चालणे हेही शरीराचे घड्याळ लावण्यास मदत करते.

आता सवयींच्या उपचाराविषयी. त्यास निद्रानाशासाठीची बोधात्मक-वर्तनात्मक उपचारपद्धती म्हणतात, आणि सर्वत्र सीबीटी-आय असा संक्षेप वापरला जातो. अमेरिकेतील कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ साली प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हाच उपचार द्यावा अशी शिफारस केली. साधारण सहा ते आठ आठवडे तो चालतो.

प्रथम एक-दोन आठवडे झोपेची वही ठेवायची. अंथरुणात कधी गेलो, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा जाग आली, कधी उठलो, एवढेच सकाळी लिहायचे. रात्री घड्याळ पाहायचे नाही. समजा एखादी व्यक्ती रात्री साडेदहा ते सकाळी साडेसहा अशी आठ तास अंथरुणात असते आणि प्रत्यक्ष झोप साडेपाच तास होते, तर अंथरुणातील वेळेपैकी सुमारे ६९ टक्केच वेळ झोपेचा ठरतो. अशा व्यक्तीला आरंभी साडेबारा ते साडेसहा एवढाच वेळ अंथरुणात राहण्यास सांगतात. झोपेचा वेळ आठवडाभर ८५ ते ९० टक्क्यांच्या वर राहिला की अंथरुणात जाण्याची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणतात, आणि असे करत करत त्या व्यक्तीच्या गरजेपर्यंत पोहोचतात. उठण्याची वेळ मात्र रविवारीही बदलत नाही.

दुसरा भाग १९७२ साली रिचर्ड बूटझिन यांनी मांडला. डोळे मिटू लागल्यावरच अंथरुणात जावे. वीस एक मिनिटे झोप लागली नाही असे वाटले तर उठून दुसरीकडे बसावे, मंद उजेडात काहीतरी शांत करावे आणि झोप येऊ लागली की परत यावे. येथे एक अडचण नेहमी पुढे येते, ती म्हणजे चाळीतल्या एका खोलीच्या घरात रात्री दोन वाजता उठून जायचे कोठे? पाठ्यपुस्तकांमध्ये याचे उत्तर नसते. मी अशा वेळी सांगतो की अंथरुणापासून हातभर दूर, भिंतीला टेकून वेगळ्या चटईवर किंवा खुर्चीवर बसावे. जागा लहान असली तरी अंथरुणाबाहेर असणे पुरेसे असते. घरातील इतरांना आधी कल्पना दिलेली असावी, म्हणजे कुणी दचकून उठत नाही.

या उपचाराची परीक्षा कर्करोगातून बरे झालेल्या लोकांवरही झाली आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशा १६० जणांना आठ आठवडे सीबीटी-आय किंवा अ‍ॅक्युपंक्चर देण्यात आले. दोन्ही गटांत झोप सुधारली, पण सीबीटी-आयच्या गटात ती अधिक सुधारली. २०१७ साली लॉस एंजेलिस येथे मायकेल आयर्विन यांनी स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या ९० स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात ताई ची हा संथ हालचालींचा व्यायाम सीबीटी-आयपेक्षा कमी ठरला नाही. योगासने करणाऱ्यांसाठीही आधार आहे. कॅरन मस्टियन यांच्या २०१३ सालच्या अभ्यासात ४१० जण होते. आठवड्यातून दोनदा ७५ मिनिटे, असे चार आठवडे सौम्य आसने, प्राणायाम आणि ध्यान केलेल्यांची झोप सुधारली व झोपेच्या गोळ्यांचा वापर कमी झाला. आपल्या गावात सीबीटी-आय जाणणारे तज्ज्ञ नसतील तर योग हा हाताशी असलेला चांगला मार्ग आहे. मात्र हाडांत आजार पसरलेल्यांनी, किंवा शस्त्रक्रियेनंतर हातावर सूज असलेल्यांनी, कोणती आसने टाळावीत हे आधी विचारावे.

रातराणी

मी बीजांडकोशाच्या कर्करोगातून बरी झाले आहे आणि वरील पद्धतीविषयी मला एक शंका आहे. ज्या माणसाची आधीच झोप होत नाही, जो केमोने अशक्त झाला आहे, त्याला आणखी कमी वेळ अंथरुणात राहण्यास सांगणे कठोर वाटते. मला रात्री नामस्मरणाने आधार मिळतो आणि झोप लागली नाही तरी मन शांत राहते. तेवढ्यावर समाधान मानू नये का?

शिवाय माझी झोपमोड वेगळ्याच कारणाने होते. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधानंतर तळपायांत मुंग्या आणि जळजळ राहिली आहे आणि रात्री पाय सतत हलवावेसे वाटतात.

अंतर्नाद

रातराणीताई, आपली शंका रास्त आहे. सुरुवातीच्या एक-दोन आठवड्यांत दिवसा पेंग वाढते, हे मी प्रत्येकाला आधीच सांगतो. अंथरुणातील वेळ पाच-साडेपाच तासांच्या खाली कधीच नेत नाहीत. अपस्मार किंवा द्विध्रुवी विकार असलेल्यांना, वाहन चालवण्याचे काम करणाऱ्यांना आणि ज्यांचे उपचार चालू असल्याने प्रकृती फार नाजूक आहे अशांना ही पद्धत जशीच्या तशी देत नाहीत. त्यांच्यासाठी वेळ हळूहळू कमी करण्याचा सौम्य प्रकार आहे. नामस्मरण आपण अवश्य चालू ठेवावे. एकाच लयीत मन गुंतवणे हा या उपचारातील शिथिलीकरणाशी जवळचा मार्ग आहे, आणि जो आधार आपल्या श्रद्धेतून येतो तो मी कुणालाही सोडण्यास सांगणार नाही.

आपल्या पायांच्या तक्रारीला मात्र सवयींचा उपचार पुरेसा नाही. मुंग्या आणि जळजळ हा केमोने नसांना झालेला त्रास आहे. रात्री पाय हलवल्याशिवाय राहवत नाही आणि हलवल्यावर बरे वाटते, हे रेस्टलेस लेग्जचे लक्षण असू शकते. त्यात शरीरातील लोहाचा साठा कमी आहे का, हे फेरिटिनच्या तपासणीने पाहतात. डॉक्टरांना दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्यात.

बकुळ

यात एक भर घालते. केमोमुळे झालेल्या नसांच्या वेदनेसाठी ड्युलॉक्सेटिन हे औषध सुचवले जाते. रातराणीताईंसाठी डॉक्टर त्याचा विचार करू शकतील, परंतु टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या वाचकांनी हे नाव पाहून आपल्यासाठी ते मागू नये, कारण तेही त्याच विकराला काही प्रमाणात रोखते.

मृद्गंध

सर्वांचे मनापासून आभार. कॉटविषयी वाचले आणि आमच्या बाहेरच्या खोलीकडे पाहिले. वर्णन जसेच्या तसे आमच्या घराचे आहे. उद्या ती आतल्या खोलीत हलवत आहोत.

एक गोष्ट मी आधी लिहिली नव्हती. रात्री जाग येते तेव्हा पहिला विचार येतो तो आजार परत आला तर काय, हाच. तपासणीची तारीख जवळ आली की तो विचार दिवसाही सोडत नाही. घरी बोलून दाखवले तर सगळेच घाबरतात, म्हणून बोलत नाही. आणि घामाचा त्रास इतका असह्य होतो की काही दिवस टॅमॉक्सिफेन थांबवून पाहावे असे मनात येते. तसे केले तर चालेल का?

अंतर्नाद

पुनरुद्भवाची भीती बहुतेक सर्वांना वाटते आणि तपासणीच्या आधी ती वाढते. रात्री तिच्याशी वाद घालून ती जात नाही. संध्याकाळी, झोपेच्या दोन-तीन तास आधी, पंधरा-वीस मिनिटे खास काळजीसाठी ठेवावीत. जे जे मनात येते ते कागदावर लिहावे आणि प्रत्येकापुढे आपल्या हातात असलेली पुढची कृती लिहावी : या दुखण्याविषयी डॉक्टरांना विचारणे, या तारखेला रक्त देणे. काही भीतींपुढे लिहिण्यासारखी कृती नसेल, तेथे जागा रिकामी सोडावी. रात्री तोच विचार आला की त्याची नोंद झालेली आहे, एवढे स्वतःला सांगता येते. घरातील एका तरी व्यक्तीला हे सारे सांगावे; ते घाबरतील, पण आपण एकट्याने घाबरत राहण्यापेक्षा ते बरे. दिवसचे दिवस कशातच मन लागत नसेल, रडू येत असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर वेगळा उपचार लागतो. शासनाची टेली-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे.

कोकणकडा

तपासणीच्या वेळी बोलण्याविषयी एक सुचवतो. चार ओळी कागदावर लिहून न्याव्यात आणि आत गेल्या गेल्या कागद डॉक्टरांपुढे ठेवावा : झोप किती महिन्यांपासून लागत नाही, आठवड्यातून किती रात्री, जाग कशाने येते, दिवसा काय होते, आणि चालू असलेल्या सर्व गोळ्या. त्यात घोरण्याविषयी घरच्यांनी जे पाहिले तेही लिहावे. गर्दीतसुद्धा डॉक्टर लिहिलेला कागद वाचतात, असा माझा अनुभव आहे.

बकुळ

मृद्गंधताई, टॅमॉक्सिफेन स्वतःहून थांबवू नका. संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात पाच वर्षे हे औषध घेतल्याने त्या आजाराने होणारे मृत्यू पंधरा वर्षांच्या काळात सुमारे एक-तृतीयांशाने कमी होतात, असे जगभरातील अभ्यास एकत्र करून दिसून आले आहे. घामासाठी आणि झोपेसाठी ते सोडून देणाऱ्या स्त्रिया आहेत, आणि त्यांपैकी अनेकींनी घामाची तक्रार डॉक्टरांना कधी सांगितलेलीच नसते. पुढच्या तपासणीची वाट न पाहता याच आठवड्यात बाह्यरुग्ण विभागात जाऊन भेटा. घामासाठीच्या ज्या औषधांची नावे मी वर दिली आहेत, त्यांपैकी आपल्याला कोणते चालेल ते विचारा, आणि गोळी घेण्याची वेळ बदलून पाहावी का, हेही विचारा. तोपर्यंत सुती कपडे, पातळ चादर, उशाशी कोरडा टॉवेल आणि बदलण्यासाठी दुसरा गाऊन ठेवावा, म्हणजे जाग आल्यावर दिवा लावून कपाट उघडावे लागणार नाही.